अप्पांची कवायत

अप्पा, काल वर्ग भरला! तुम्हाला जाऊन काल सहा दिवस झाले होते आणि दिवेलागणीला मोंढ्यातल्या, धान्यबाजारातल्या त्याच पत्र्याच्या शेडमध्ये आम्ही सगळेच्या सगळे हजर होतो. कुणी कुणाला निरोप दिलेला नव्हता. मी आपला दाराला कुलूप आहे का ते बघायला म्हणून गेलो, तर आत कंदील लागलेला, तरट अंथरलेलं आणि बाबुराव पाटील काठी मांडीवर आडवी घेऊन बसलेले. मला बघून म्हणाले, "मुन्शीजी, उशीर केला तुमी." तेव्हापासून माझा जीव थाऱ्यावर नाही. आज सकाळी उठलो तो हे लिहायलाच बसलो. वकीलसाहेबांच्या नकला तशाच पडल्या आहेत. पडू देत.

तुमचा जन्म कुठला, शिक्षण कुठवर, स्वभाव कसा, हे सगळं तुमच्या दारात बसलेली माणसं एकमेकांना सांगताहेत. ते तुम्हाला ठाऊकच आहे. मला तुम्हाला कालचं सांगायचंय. पण कालचं सांगायचं तर त्याआधीचं एक सांगावं लागतं, आणि ते मी तीन वर्षं गिळून बसलो आहे. म्हणून जरा लांबून येतो. तुम्ही नेहमी म्हणायचात, मुन्शी लोकांना मुद्द्यावर यायला वेळ लागतो. लागतो खरा.

पाटलांच्या इंजिनापासूनच येतो. आठवतंय ना? आम्ही आठ घोडे तेव्हा स्वतःला इंग्रजीत तयार समजत होतो. पहिलं पुस्तक संपलेलं. मी जातो, मी गेलो, मी जाईन, सगळं बिनचूक. रसूलभाई टपालकचेरीत पाकिटांवरचे पत्ते घडाघडा वाचत होते आणि मी वकीलसाहेबांच्या जाडजूड पुस्तकांच्या पाठीवरची नावं. पाटलांनी चारठाण्याकडच्या मळ्यात विहिरीवर तेलाचं इंजिन बसवलं आणि बरोबर आलेलं इंग्रजी चोपडं स्वतः वाचायचं ठरवलं. वाचलं. हँडल फिरवा, असं लिहिलं होतं. पाटलांनी अंगातला सगळा जोर लावून फिरवलं. हँडलनं उलटा तडाखा दिला आणि दुसऱ्या दिवशी पाटील मनगटाला हळद-चुन्याचा लेप आणि वर फडकं बांधून वर्गात आले. तुम्ही चोपडं मागवून घेतलं. 'फिरवा'च्या पुढे आणखी एक शब्द होता. स्लोली.

"अप्पा, काय करायचं ते मला कळलं व्हतं," पाटील म्हणाले. "कसं करायचं ते म्होरल्या शब्दात व्हतं. तेवढाच येत न्हवता."

तुम्ही इतके खूश झालात की पाटलांच्या मनगटाची विचारपूसही विसरलात. उठून उभे राहिलात, उपरणं खांद्यावर टाकलंत आणि म्हणालात, आता खरी इंग्रजी सुरू. व्याकरणात त्याला क्रियाविशेषण म्हणतात, तुम्ही त्याला 'कसंचे शब्द' म्हणायला लागलात. यादी नाही, पाठांतर नाही. "उठा आणि चाला," एवढंच म्हणालात. शेडच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत आठ बाप्ये, कुणाचं धोतर, कुणाचा पायजमा, चालायला लागलो. मग तुमचा घोगरा आवाज: स्लोली. क्विकली. क्वाएटली. प्राउडली. त्या शेवटच्याला पाटलांना काही करावंच लागलं नाही, ते जन्मापासून तसेच चालत होते. माझी मात्र पहिल्या दिवशी लाजेनं मान वर होत नव्हती. चाळिशीतला माणूस मी, वकिलाचा मुन्शी, पोखर्णीला माझ्या घरचे मला 'सायेब' म्हणतात, आणि मी इथं उंदरासारखा पाय न वाजवता चालतो आहे!

आठ दिवसांत चटक लागली, अप्पा. खरं सांगतो, दिवसभर कचेरीत बसल्या बसल्या मी लोकांचं चालणं बघायला लागलो. पक्षकार कसा येतो, चपराशी फाईल कशी ठेवतो, वकीलसाहेब चष्मा कसा काढतात. तीच माणसं, तीच कामं, आणि मला ती नवीच दिसायला लागली. मग तुम्ही तो खेळ काढलात. एकानं बाहेर जायचं, आतल्यांनी एक 'कसं' ठरवायचं. बाहेरच्यानं आत येऊन हुकूम सोडायचा, ऊठ म्हणा, बस म्हणा, दार लाव म्हणा, आणि आम्ही ते ठरल्यासारखं करायचं. तीन चुकांत ओळखलं नाही तर हरला. रसूलभाई या खेळात बादशहा होते. पहिल्या झटक्यात ओळखायचे.

आपला वाद मात्र मिटला नाही. माझं म्हणणं, कामाचा शब्द आला की भागलं, बाकी सगळी नक्षी. तुम्ही म्हणालात, मुन्शीजी, तुमच्या कोर्टात मारलं हे तर दोन्ही बाजू कबूल करतात. कसं मारलं यावरच तुमच्या साहेबाचं घर चालतं. पुन्हा एकदा म्हणालात, मी रोज सकाळी इष्टलिंगाची पूजा करतो, पाणी घालतो, भस्म लावतो, बेल वाहतो. एखाद्या दिवशी घाईत उरकली तर हातांनी सगळं तेच केलेलं असतं आणि तरी पूजा झालेली नसते. पण मी हार मानणारा नव्हे. ताप यायच्या आदल्या दिवशी मी तारेचा मुद्दा काढला. तारेत माणूस फक्त काय झालं ते लिहितो, कसं झालं ते कुणी लिहीत नाही, आणि तरी निरोप पोचतोच की! तुम्ही हसलात. याचं उत्तर उद्या देतो म्हणालात. तो उद्या आला नाही.

आता ते मधलं. माझं.

शेडमध्ये चालायला लागून तीनेक आठवडे झाले असतील. मी स्टँडजवळच्या हॉटेलात चहा पीत होतो. हॉटेलवाल्यानं विचारलं, रोज संध्याकाळी मोंढ्यात तुमचं काय चाललेलं असतं? साधं सांगता आलं असतं, इंग्रजी शिकतो. पण चार माणसं ऐकत होती आणि मला रुबाब दाखवायची खुमखुमी आली. मी म्हणालो, "कवायत. अप्पा हुकूम सोडायलेत, आमी चालायलोत." वर आवाज खाली आणून म्हणालो, जास्त विचारू नका. लोकांचे डोळे मोठे झालेले बघून मला काय गोड वाटलं, अप्पा! हे दिवस कसले, चार माणसं जमवायची तरी पोलीस कचेरीची इजाजत लागते, आणि मी बाजारात बसून कवायत म्हणालो.

तिसऱ्या संध्याकाळी पोलीस कचेरीचे अमीनसाहेब चार जवान घेऊन शेडच्या दारात उभे. "क्या कवायत चल रई यहाँ? लाठियाँ कहाँ हैं?" पाटलांच्या मांडीवर एक होती, ती त्यांनी धोतराखाली सरकवली. तुम्ही मात्र पाहुणा यावा तसे पुढे झालात. इंग्रजीचा वर्ग आहे म्हणालात. अमीनसाहेब म्हणाले, करून दाखवा. तुम्ही आम्हाला उठवलंत आणि चाला म्हणालात. चाललो. अहो, चाललो कसले! पाय लटपटताहेत, कुणी भिंतीला घासतोय, मी तर पाटलांच्या पाठीवरच आदळलो. तुम्ही अमीनसाहेबांकडे वळून शांतपणे म्हणालात, याला इंग्रजीत फिअरफुली म्हणतात. आठ दिवस झटतो आहे, यांना ते जमत नव्हतं. साहेब आलात, मोठे उपकार झाले.

अमीनसाहेब हसले नाहीत, पण त्यांच्या मिशा हलल्या. मी ते स्वतः बघितलं.

मग तुम्ही त्यांच्याच एका जवानाला बोलावलंत. चालून दाखव म्हणालात. तो ताठ, टाचा आपटत गेला आणि आला. ही कवायत, तुम्ही म्हणालात. आता त्याला सांगितलंत, तुला महिन्याची रजा मिळाली आहे आणि तू घरी निघाला आहेस, तसा चाल. पोरगा आधी बावरला. मग चालायला लागला आणि चार पावलांत त्याचा चेहरा असा फुलला की उरलेले तिघे फिस्सकन हसले. "अमीनसाहेब," तुम्ही म्हणालात, "कवायतीत सगळ्यांचं चालणं एकसारखं व्हावं लागतं. हितं एकाचं चालणं दुसऱ्यासारखं झालं, तर माझा धडा फुकट गेला."

इजाजत मिळाली. तुमच्या एकट्याच्या नावावर, दार उघडं ठेवायच्या अटीवर. अमीनसाहेब आठवड्याला तपासायला येणार होते. आले. दाराशी स्टूल टाकून बसायला लागले. त्यांना इंग्रजीतला एकच कसंचा शब्द येत होता, इमीजिएटली, कारण वरून येणारा प्रत्येक हुकूम तो घेऊनच यायचा. महिन्याभरात त्यांची तपासणी दिवसाआड व्हायला लागली. आम्ही आठाचे नऊ झालो.

इथवर सगळी मौज. पण त्याच दिवसांत, ही गोष्ट अमीनसाहेबांच्या कचेरीपर्यंत नेली कुणी, याची कुजबुज वर्गात सुरू झाली होती, आणि बोट कुणाकडे गेलं ते तुम्हाला ठाऊक आहे. अमीनसाहेबही मुसलमान, रसूलभाईही मुसलमान, एवढाच काय तो पुरावा. कुणी तोंडावर बोललं नाही. फक्त ते आले की बोलणं थांबायला लागलं. एका संध्याकाळी रसूलभाई आले नाहीत. दुसऱ्याही नाही. पंधरा दिवस त्यांची जागा रिकामी होती, आणि ती माझ्या शेजारची होती, कारण आम्हा दोघांत पुस्तक एकच. ते यायचे, रुमालानं तरट दोनदा झटकायचे, आणि मग पुस्तक आमच्या दोघांच्या मधोमध ठेवून बसायचे. ते पंधरा दिवस अख्खं पुस्तक माझ्यापुढे उघडं होतं आणि मला एक अक्षर वाचवलं नाही.

सोळाव्या दिवशी तुम्ही त्यांना आणायला निघालात आणि बरोबर मला घेतलंत. मलाच का, अप्पा? पाटील होते, बाकीचे होते. वाटेत मी तीनदा तोंड उघडलं. तिन्ही वेळा तुम्ही दुसरंच काही बोलायला लागलात, एकदा पेरूबद्दल, एकदा शेडच्या गळणाऱ्या पत्र्याबद्दल, एकदा कशाबद्दल ते आता आठवत नाही. रसूलभाईंच्या दारात तुम्ही एवढंच म्हणालात की तुमच्यावाचून खेळात मजा राहिली नाही. ते आले. तरट झटकलं, पुस्तक मधोमध ठेवलं. त्यांनी कधी काही विचारलं नाही, मी कधी काही सांगितलं नाही, आणि तीन वर्षं आम्ही एका पुस्तकात डोकी घालून बसलो. तुम्हाला माहीत होतं का? मला हे विचारायचं होतं. रोज उद्यावर टाकत गेलो आणि तुमचे उद्या संपले.

तुमच्या जाण्याचंही ऐका. तुमच्या लोकांच्या रीतीप्रमाणे तुम्हाला बसवून नेलं. खुर्चीसारख्या डोलीत, कपाळाला भस्म, गळ्यात हार, वर्गात बसायचात तसे ताठ. पुढे भजन. मोंढ्याच्या वळणावर उतार आहे, तिथं खांदेकऱ्यांचे पाय भरभर पडायला लागले आणि डोली हेलकावली. पाटील मागच्या दांड्याला होते. त्यांच्या तोंडून गेलं, "स्लोली." भजनवाल्यांना काही कळलं नाही, पण दांड्याखालचे आम्ही सगळे तुमचेच. सगळी पावलं एकदम मंद झाली. अप्पा, मला रडू यायला हवं होतं आणि माझी छाती फुगली! वाटलं, आता तुम्ही मागे वळून म्हणाल, शाब्बास.

आणि तारेचा निकाल लागला, तोही ऐकून ठेवा. तुमच्या लेकीला तार रसूलभाईंनीच लावली. वडील वारले, निघून या, एवढंच. तिसऱ्या दिवशी ती परभणी स्टेशनावरून टांग्यानं आली. टांगा पुरता थांबला नव्हता, तिचा एक पाय खाली, एक वर, आणि पहिला प्रश्न, "कसे गेले?" वाटभर तोच एक प्रश्न तिला जाळत असणार. रसूलभाई पुढे झाले. "झोपेत गेले बेटा. आरामात." तेव्हा कुठे ती उतरली आणि मोकळेपणानं रडली. हरलो अप्पा, तुमचं उत्तर मिळालं.

आता काल. सगळे बसले. अमीनसाहेब स्टुलावर. त्यांनीच विषय काढला. इजाजत तुमच्या नावावर होती, ती तुमच्याबरोबर संपली. नव्या नावाची दरख्वास्त द्यावी, ते शिफारस करतील. नाव नसेल तर शेड बंद. पाटील म्हणाले, यात इचारायचं काय, मुन्शीजींचं नाव टाका, अप्पांसंगं रोज भांडायचे, म्हंजे सगळ्यात जास्त त्यांनाच कळलंय. सगळ्यांनी माना हलवल्या. रसूलभाईंनीसुद्धा. ती त्यांची मान हलली आणि मला बसवेना.

उभा राहिलो आणि सांगितलं. हॉटेल, चहा, कवायत, सगळं. रसूलभाईंनी कुणाला काही सांगितलं नव्हतं, बोललो ते मी, आणि तोंड शिवून बसलो तोही मीच. अमीनसाहेब म्हणाले, हॉटेलातून खबर आली होती हे त्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं, पण त्यांना कुणी विचारलंच नाही. खरंच, अप्पा, तीन वर्षांत कुणी विचारलं नाही. प्रत्येकाला आपापलं उत्तर मिळालेलं होतं. पाटलांची मान खाली गेली. माझी तर होतीच.

रसूलभाईंनी पुस्तक मिटलं. मग म्हणाले, "मुन्शीजी, बाहेर जा."

गेलो. समजलो, झालं ते बरोबर झालं. दारात चपला शोधत होतो. आत कुजबुज ऐकू येत होती. मला वाटलं, माझंच काहीतरी ठरवताहेत. चपला पायांत घातल्या आणि निघणार तेवढ्यात पाटलांनी हाक मारली, या आता आत. मी वळलो. सगळे उभे होते. अमीनसाहेबही स्टुलावरून उठून उभे. सगळे माझ्याकडे बघत होते. मला दोन क्षण कळेचना. आणि मग कळलं! अप्पा, त्यांनी मला खेळातलं बाहेर पाठवलं होतं.

कसाबसा म्हणालो, "सिट."

बसले. पाटलांनी काठी मांडीवर आडवी घेतली. अमीनसाहेबांनी स्टूल दाराकडे थोडं सरकवलं. रसूलभाईंनी रुमालानं तरट दोनदा झटकलं, बसले, आणि पुस्तक आपल्या जागेच्या नि माझ्या जागेच्या मधोमध ठेवलं.

मी ओळखू लागलो. रागानं? अँग्रिली? नाही. दुःखानं? नाही. हळू? तेही नाही. मी प्रत्येकाच्या चेहऱ्यात काही नाटक शोधत होतो आणि कुणीच नाटक करत नव्हतं. तीन चुका झाल्या. हरलो म्हणालो. काय ठरवलं होतं ते सांगा.

रसूलभाई म्हणाले, "नेहमीसारखं."

मी जाऊन माझ्या जागेवर, पुस्तकाच्या अलीकडच्या बाजूला बसलो. मग रसूलभाईंनीच विचारलं, "सांगा की मास्तर, ह्याला इंग्रजीत काय म्हणायचं?"

मला मास्तर म्हणाले, अप्पा. आणि तो शब्द काही मला येत नव्हता. तुम्ही आम्हाला तिथवर नेलंच नव्हतं. मी म्हणालो, उद्या सांगतो.